राक्षस म्हणून मोकळे होण्यापूर्वी

खुनाची, अत्याचाराची किंवा सुनेला जाळल्याची बातमी वाचली की आपल्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : 'हा माणूस नव्हे, राक्षस आहे!' रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात चार माणसे उभी राहिली आणि अशा एखाद्या बातमीचा विषय निघाला की तेच वाक्य पुन्हा कानी पडते. ते मनापासून आलेले असते यात शंका नाही. पण त्यात एक सोयही दडलेली आहे. समोरच्याला राक्षस ठरवले की तो वेगळा आणि आपण वेगळे. मग त्याचा विचार करण्याची गरज उरत नाही, आणि स्वतःचा तर मुळीच नाही. हे वाक्य खरे आहे का, एवढाच प्रश्न आज आपण हाती घेऊ या. प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधत गेलो तर ते आपल्याच उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचते.

पवित्र शास्त्रातला पहिला खुनी राक्षस नव्हता. काइन शेतकरी होता. आपल्या शेतातले पीक घेऊन तो देवापुढे अर्पण करायला आला होता, म्हणजे धर्म पाळणारा होता. मनात मत्सर आला, चेहरा उतरला, आणि त्याच क्षणी देवाने त्याला सावध केले की पाप दाराशी टपून बसले आहे, तू त्याच्यावर ताबा मिळव. उत्पत्तीच्या पुस्तकातली ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण राग येणे आणि हात उचलणे या दोहोंमध्ये काइनला वेळ मिळाला होता, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. आज मानसशास्त्र हिंसेविषयी जे सांगते, त्यातले बरेचसे या मधल्या वेळाविषयीच आहे.

अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली एक प्रयोग सुरू केला. वर्तमानपत्रातून जाहिरात देऊन स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी म्हणून साधीसुधी माणसे बोलावली. कोणी कारकून होते, कोणी शिक्षक, कोणी कामगार. प्रत्येकाला सांगितले गेले की शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाने चुकीचे उत्तर दिले की त्याला विजेचा झटका द्यायचा, आणि प्रत्येक चुकीगणिक झटका १५ व्होल्टने वाढवायचा. एकूण ३० बटणे. शेवटचे ४५० व्होल्टचे. प्रत्यक्षात वीज जोडलेली नव्हती आणि पलीकडचा माणूस प्रयोगातलाच होता. पण बटण दाबणाऱ्याला हे ठाऊक नव्हते. ३०० व्होल्टला पलीकडून भिंतीवर धडका ऐकू येत, आणि थोड्याच वेळात सारे शांत होई. बटण दाबणारे घाबरत, त्यांना घाम फुटे, हात थरथरत. कोट घातलेला प्रयोगकर्ता शांतपणे म्हणे, पुढे चालू ठेवा. पहिल्या गटातल्या ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारले होते तेव्हा त्यांचा अंदाज होता की हजारात एखादाच इतक्या टोकाला जाईल.

या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि लोकांना असे फसवणे योग्य होते का, हा प्रश्नही रास्तच आहे. पण १५ व्होल्टची ती पायरी विसरता येत नाही. पहिल्याच वेळी ४५० चे बटण दाबा असे सांगितले असते तर बहुतेकांनी खुर्ची मागे सारून घरचा रस्ता धरला असता. १५ व्होल्ट तर कोणीही देईल. १५ दिले तर ३० का नाही? आणि २८५ दिल्यावर ३०० ला थांबायचे, तर आतापर्यंत केले ते चूक होते हे कबूल करावे लागते. माणसाला ते जड जाते. म्हणून तो पुढे जातो.

प्रयोगशाळेतून आता खऱ्या रक्ताकडे जाऊ. आफ्रिकेतील रवांडा हा लहानसा, डोंगराळ देश. १९००च्या सुमारास तिथे कॅथलिक मिशनचे काम सुरू झाले आणि १९९४पर्यंत निम्म्याहून अधिक लोक कॅथलिक झाले होते. रविवारी चर्च भरत, कॉयर गात, मुलांची पहिली कम्युनियन थाटात होई. हुतू आणि तुत्सी हे दोन समाज एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी शेजारी शेती करत आणि एकाच मिस्साला बसत. बेल्जियमच्या राजवटीत १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा समाज लिहिला गेला. स्वातंत्र्यानंतरही ती नोंद तशीच राहिली. ७ एप्रिल १९९४पासून साधारण शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. रवांडाचे सरकार हा आकडा दहा लाखांहून अधिक सांगते. मारले गेलेले बहुतेक तुत्सी होते, आणि त्यांना वाचवू पाहणारे हुतूही होते. पुष्कळांना बंदुकीने नव्हे, तर कोयत्याने मारले गेले. शेतातला रोजचा कोयता.

पूर्वीच्या दंगलींत चर्चमध्ये आसरा घेतलेले लोक वाचले होते, म्हणून या वेळीही हजारोंनी चर्चकडे धाव घेतली. न्यामाता, न्तारामा, न्यारुबुये. किबेहो येथील मरियामातेच्या दर्शनाविषयी आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्या किबेहोच्या चर्चमध्येही हेच घडले. न्यांगे या गावी सुमारे १५०० जण चर्चमध्ये लपले होते, तेव्हा बुलडोझर लावून ते चर्चच त्यांच्या अंगावर पाडण्यात आले. त्या धर्मग्रामाची धुरा सांभाळणारे फादर अथानास सेरोम्बा यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवले आणि २००८ साली अपिलात जन्मठेप दिली. धर्मगुरूचे नाव अशा यादीत वाचताना आपली मान खाली जाते. पण ते वगळून हा विषय मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१६ साली रवांडाच्या बिशपांनी, आणि मार्च २०१७मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, ख्रिस्तसभेच्या लोकांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली.

हे सारे राक्षस होते का? झां हाट्झफेल्ड या फ्रेंच पत्रकाराने न्यामाता परिसरातील दहा मारेकऱ्यांशी तुरुंगात दीर्घ बोलणी केली; त्यांचे ते पुस्तक २००३ साली निघाले. ते दहा जण एकमेकांचे मित्र होते, शेती करत, संध्याकाळी एकत्र बसत, चर्चला जात. त्या दिवसांत सकाळी जमायचे, दलदलीत लपलेल्यांना शोधून मारायचे, आणि संध्याकाळी लुटलेल्या गुरांचे मांस खायचे. या सगळ्याला त्यांनी दिलेला शब्द होता 'काम'. पहिली हत्या त्यांना स्पष्ट आठवत होती. नंतरच्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. आमच्या मते त्या पुस्तकातली ही सर्वांत भयंकर गोष्ट आहे. इथेही १५ व्होल्टची तीच पायरी दिसते.

आणि त्या पायरीच्याही आधी शब्द होते. १९९३च्या जुलैपासून आरटीएलएम नावाचे रेडिओ केंद्र गाणी आणि विनोद यांच्या मधेमधे तुत्सींना झुरळे म्हणत असे. लोक हसत. झुरळाला मारताना कोणाचे मन खात नाही. माणसाला मारण्यापूर्वी त्याचे माणूसपण काढून घ्यावे लागते, आणि ते काम जीभ करते. आपणही कोणाविषयी 'ते लोक तसलेच' असे म्हणतो, तेव्हा लगेच कोयता निघत नाही हे खरे. रवांडातही लगेच निघाला नव्हता.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे दोष कोणाचाच नाही. परिस्थिती तशी होती, रेडिओ होता, वरून हुकूम होता. ही पळवाटही तितकीच खोटी आहे. मिलग्रॅमच्या खोलीत २६ जण पुढे गेले, तसे १४ जण थांबलेही. दुसऱ्या एका फेरीत शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. एकाच्या 'नाही'ने दुसऱ्याच्या 'नाही'ला वाट मिळते. आणि ज्या न्यांगे गावात चर्च पाडले गेले, त्याच गावातल्या माध्यमिक शाळेत १८ मार्च १९९७च्या रात्री सशस्त्र माणसे शिरली. मुले अभ्यासाला बसली होती. हुतू एका बाजूला आणि तुत्सी दुसऱ्या बाजूला व्हा, असा हुकूम सुटला. मुले हलली नाहीत. आम्ही सगळे रवांडाचेच, असे त्यांनी सांगितले. गोळीबारात आणि हातबॉम्बच्या स्फोटांत सहा मुले मेली, अनेक जखमी झाली. गाव तेच होते, आणि माणसेही त्याच मातीतली. रवांडाने त्या मुलांना राष्ट्रीय वीरांमध्ये स्थान दिले आहे. परिस्थिती समजून घेणे वेगळे आणि गुन्हा माफ करणे वेगळे, हा फरक आपण पक्का ठेवला पाहिजे.

आता परिणामांकडे वळू. ज्याच्यावर हिंसा होते त्याच्या शरीराचे काय होते, याविषयी आपल्याकडे अजून बरेच गैरसमज आहेत. 'मग ती ओरडली का नाही? पळाली का नाही?' असे आपण सहज विचारतो. जिवावर बेतते तेव्हा शरीर काही वेळा लढत नाही आणि पळतही नाही, ते थिजते. हा निर्णय कोणी विचार करून घेत नाही. अशा वेळच्या आठवणीही ओळीने साठवल्या जात नाहीत. एखादा वास, चपलेचा आवाज किंवा शर्टाचे बटण लख्ख आठवते, पण आधी काय आणि नंतर काय हे सांगता येत नाही. मग बाईची जबानी मागेपुढे होते आणि ऐकणारे म्हणतात, खोटे बोलते. रवांडात अशा अवस्थेला 'इहाहामुका' म्हणतात. श्वासच हरपावा, तशी ती अवस्था. दरवर्षी एप्रिलमध्ये मृतांच्या स्मरणाचे कार्यक्रम होतात, तेव्हा वर्षानुवर्षे शांतपणे संसार करणारी बाई अचानक किंचाळून उठते, मारेकरी आता या क्षणी येत आहेत असे तिला वाटते. ३० वर्षे उलटून गेली तरी हे थांबलेले नाही.

जो हिंसा करतो त्याचेही काही जाते. युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना डॉक्टरांच्या ध्यानात आले की काही जणांना स्वतः भोगलेले नव्हे, तर स्वतः केलेले झोपू देत नाही. रेचेल मॅकनेर या अमेरिकन अभ्यासिकेने २००२ साली यावर पुस्तकच लिहिले. सगळ्यांचे असे होत नाही. काहींचे मन उलट बधिर होते, आणि बधिर मन घरी आल्यावर बायकोमुलांसाठी वेगळे निघत नाही.

तिसरा असतो पाहणारा, आणि घरात तो बहुधा मूल असतो. इथे आपण रवांडा सोडून आपल्या स्वयंपाकघरात येतो. ही उडी लांबची वाटेल, पण १५ व्होल्टचे बटण तिथेही असते. आधी आवाज चढतो, मग ताट भिरकावले जाते, मग धक्का, मग कानाखाली. प्रत्येक पायरीवर घरातली, शेजारची माणसे गप्प राहतात आणि पुढची पायरी सोपी होते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरातल्या सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. त्याच पाहणीत शंभरातल्या ४५ स्त्रियांनी आणि ४४ पुरुषांनी, कोणत्या ना कोणत्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य ठरते, असे उत्तर दिले. स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही, याकडे लक्ष द्यावे. मार खाणारीलाही मार रास्त वाटू लागतो, आणि तीच पुढे सून घरी आल्यावर मुलाला गप्प करत नाही.

अमेरिकेत सॅन दिएगो येथे १७,००० हून अधिक प्रौढांच्या बालपणाची माहिती घेऊन एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. मारहाण, अपमान, घरात दारू, आईला मार पडताना पाहणे असे किती प्रकारचे अनुभव बालपणी आले, हे विचारले गेले. चार किंवा अधिक प्रकार अनुभवलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण, असे काहीच न अनुभवलेल्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळले. आईला मार पडताना पाहणे हा वेगळा प्रकार म्हणून मोजला होता, कारण त्या मुलाच्या अंगाला कोणी बोटही लावलेले नसते. 'पोराला कधी हात लावला नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या बापाने हे ऐकायला हवे. मात्र अशी सगळीच मुले बिघडतात असा याचा अर्थ नाही. घरात, शाळेत किंवा शेजारी एक जरी भरवशाचे मोठे माणूस मिळाले तरी पुष्कळ मुले तरून जातात, हेही अभ्यासक सांगतात.

आता सगळ्यांत कठीण प्रश्न, आणि तो आपल्यालाच विचारला गेला पाहिजे. मार खाल्लेली बाई आपल्यापैकी कोणाकडे येते तेव्हा तिला काय ऐकायला मिळते? 'सोस गं पोरी, प्रत्येकाला आपापला क्रूस असतो.' 'तापट आहे, पण मनाने चांगला आहे.' 'क्षमा कर, आपण ख्रिस्ती आहोत.' बोलणारी काकी-मावशी वाईट नसते. घर मोडू नये एवढेच तिला वाटते. पण प्रभूचा क्रूस असा दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रभू येशूने पेत्राला सत्तर वेळा सातदा क्षमा करायला सांगितले ते खरे. ते सांगितले, त्याआधी उत्पत्तीतला लामेख सत्त्याहत्तर पट सूड घेण्याची बढाई मारून गेला होता. प्रभूचा आकडा सूडाच्या त्या आकड्याला उत्तर आहे. मारणाऱ्याला सत्तर वेळा मारण्याची मुभा नव्हे. हात अजून उगारलेला असताना मागितलेली क्षमा ही मारणाऱ्याला पुढच्या बटणाकडे नेणारी असते. त्या बाईला त्या वेळी सुरक्षित जागा, डॉक्टर आणि कायदा यांची गरज असते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्यात तिला त्याच घरात राहण्याचा हक्क आहे. मदतीसाठी १८१ हा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८. हे आकडे आपल्या प्रार्थनासभांत एकमेकांना सांगितले तर त्याने प्रार्थनेत व्यत्यय येणार नाही. मारणाऱ्यालाही कोणीतरी समोर बसवून विचारायला हवे. काइनला देवाने तुझा भाऊ कुठे आहे असे विचारले, शिक्षा सुनावली, आणि मग त्याला कोणी मारू नये म्हणून खूणही केली. तिन्ही गोष्टी केल्या.

क्षमा खरोखर होते तेव्हा ती कशी दिसते, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातील उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवण्याचे काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये त्यांना भोसकण्यात आले. अंगावर ५४ जखमा होत्या. मारणारा समंदर सिंग हा दुसऱ्यांनी चिथावलेला तरुण. त्याला जन्मठेप झाली. ज्यांनी चिथावले ते बाजूला झाले, बायको सोडून गेली, आणि सुटलो की ज्याने हे करायला लावले त्याला मारायचे असे त्याने तुरुंगात ठरवले होते. हे त्यानेच पुढे सांगितले. स्वामी सदानंद म्हणून ओळखले जाणारे धर्मगुरू त्याला वारंवार भेटत राहिले. २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. खुनाला तेव्हा सात वर्षे झाली होती. त्या सात वर्षांत तिचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. कायद्याने आपले काम केले होते, सुरा त्याच्या हातात उरला नव्हता, आणि तिला कोणी जबरदस्ती केली नव्हती.

कुटुंबाने आणि सिस्टरांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले. २००६ साली तो सुटला, आणि पुढे केरळला राणी मारियांच्या घरी गेला, तेव्हा त्यांच्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. गावी परतून तो शेती करू लागला. ज्याला मारायचे ठरवले होते त्याला मारले नाही. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला सिस्टर राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा तो त्या सोहळ्यात हजर होता.